रुक्मिणी : नावाचा अर्थ आणि नावामागची मुलगी

(वरवट बकाल येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची धाटणी शक्य तितकी तशीच ठेवली आहे.)

आजचा विषय एका नावाचा आहे. नाव तुमच्या सगळ्यांच्या ओळखीचं आहे. इथे बसलेल्यांपैकी अनेकांच्या घरात आजी, पणजी, मोठी काकू, कुणी ना कुणी या नावाची असेल. कुठे रुक्मिणी, कुठे रुखमा, कुठे रखमाबाई, जात्यावरच्या ओव्यांत रुक्मीण, आणि पंढरपुरात रखुमाई. एकाच नावाची ही पाच रूपं झाली, अजूनही निघतील.

हेच नाव का घेतलं? एक तर ही आपल्या मुलखातली मुलगी. पुराणातल्या बहुतेक नायिका दूरदेशीच्या. सीता मिथिलेची, द्रौपदी पांचालाची, गांधारी गांधाराची. रुक्मिणी मात्र विदर्भाची. तिला 'वैदर्भी' म्हणतात, म्हणजे सरळ 'विदर्भातली'. वडील भीष्मक म्हणून 'भैष्मी' असंही म्हणतात. दुसरं कारण असं की या नावाचा अर्थ आपण अर्धाच सांगतो. उरलेला अर्धा अर्थ आजच्या मुलीबाळींच्या जास्त कामाचा आहे.

आधी शब्द पाहू

रुक्मिणी या शब्दात 'रुक्म' आहे. रुक्म म्हणजे सोनं, आणि त्याहून नेमकं सांगायचं तर सोन्याचा चकाकता दागिना. ऋग्वेदात मरुत् नावाचे वादळाचे देव आहेत, त्यांच्या छातीवर असे रुक्म असतात, म्हणून त्यांना 'रुक्मवक्षस्' म्हटलंय. म्हणजे शब्द फार जुना, कृष्णकथेच्याही आधीचा. त्याला '-इन्' हा प्रत्यय लागला की 'ज्याच्याजवळ सोनं आहे तो' असा अर्थ होतो. पुल्लिंगी रुक्मी, स्त्रीलिंगी रुक्मिणी. भावाबहिणीचं नाव एकच आहे, फक्त लिंग वेगळं. भागवतात तिच्या पाच भावांची नावं येतात: रुक्मी, रुक्मरथ, रुक्मबाहू, रुक्मकेश आणि रुक्ममाली. घरात सगळीकडे सोनंच सोनं! नावं ठेवताना भीष्मकाने एकच अक्षर धरलं होतं असं दिसतं. आजही आपल्याकडे भावंडांची नावं अशीच जुळवून ठेवतात.

इथे लिहिण्याची एक गोष्ट सांगून टाकतो, शिक्षक मंडळी बसली आहेत म्हणून. 'पद्मिनी'त न आहे आणि 'रुक्मिणी'त ण आहे. प्रत्यय दोन्हीकडे तोच. मग फरक का? रुक्मिणीत सुरुवातीला र आहे. त्या र मुळे पुढच्या न चा ण होतो, आणि मधे आलेले क आणि म त्याला अडवत नाहीत. 'रामायण' मधला ण याच नियमाने आला. म्हणून 'रुक्मिनी' असं लिहू नये. पत्रिकेत छापताना लक्ष ठेवा.

आता खरी गोष्ट. 'रुक्म' हा शब्द आला 'रुच्' या धातूपासून. संस्कृतच्या धातुपाठात रुच् धातूचे दोन अर्थ दिले आहेत. एक, चमकणे. दुसरा, आवडणे. चमकणे या अर्थापासून रुक्म, म्हणजे चमकतं ते सोनं. आवडणे या अर्थापासून रुची, रुचकर, आणि आपल्या रोजच्या बोलण्यातलं 'रुचणं'. 'मले हे रुचलं नाही' असं आपण म्हणतो ना, तो रुच् आणि रुक्मिणीतला रुच् एकच.

नावांची पुस्तकं उघडा, रुक्मिणीपुढे लिहिलेलं असतं 'सोन्याची', 'सोन्यासारखी तेजस्वी'. बरोबरच आहे, शब्दाचा सरळ अर्थ तोच. पण ज्या मुळातून हा शब्द निघाला त्या मुळात 'आवडणं'ही आहे. आणि योगायोग म्हणा, या नावाची जी पहिली मुलगी आपल्याला माहीत आहे तिची सगळी गोष्ट तिला काय रुचलं आणि काय रुचलं नाही याचीच आहे.

कथा काय सांगते

कथा तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून मी फक्त गाठीच्या जागा सांगतो. ती हरिवंशात आहे, आणि भागवताच्या दहाव्या स्कंधात सविस्तर आहे. भीष्मक विदर्भाचा राजा, राजधानी कुंडिनपूर. रुक्मिणीने कृष्णाबद्दल ऐकलं होतं आणि मनाशी ठरवलं होतं. घरच्यांनाही कृष्ण पसंत होता, भागवतात हे स्पष्ट आहे. आडवा आला थोरला भाऊ रुक्मी. त्याचं कृष्णाशी वैर, म्हणून त्याने चेदीच्या शिशुपालाशी सोयरिक ठरवली. बाप मुलाच्या मायेपुढे नमला. मांडव पडला, पाहुणे आले, वऱ्हाड दारात आलं.

अशा वेळी मुलगी काय करते? ती पत्र पाठवते. निरोप नेणारा एक ब्राह्मण आहे, मराठी परंपरेत त्याला सुदेव म्हणतात. भागवतात या पत्राचे सात श्लोक आहेत. त्यात रडगाणं अगदी थोडं आहे आणि योजना पूर्ण आहे. मी तुम्हाला मनाने वरलं आहे, हे ती सांगते. मग शंका काढते: मी अंतःपुरात राहणारी, तुम्ही मला नेणार कसं, माझ्या नातलगांना न मारता? आणि उत्तरही तीच देते. लग्नाच्या आदल्या दिवशी कुळाच्या रीतीप्रमाणे नवरी गावाबाहेरच्या देवीच्या दर्शनाला जाते, तिथून न्या. दिवस तिने ठरवला, जागा तिने ठरवली, आणि भावाबापाचं रक्त सांडू नये ही काळजीसुद्धा तिनेच घेतली.

पुढे रुक्मी पाठलाग करतो, हरतो. कृष्ण त्याला मारायला निघतो तेव्हा रुक्मिणीच पाय धरते आणि भावाचा जीव वाचवते. ज्या भावाने तिचं लग्न परस्पर ठरवलं त्याच भावासाठी. कृष्ण त्याचे केस आणि मिशा भादरून त्याला सोडून देतो. बहिणीला परत आणल्याशिवाय कुंडिनपुरात पाय ठेवणार नाही, अशी रुक्मीने शपथ घेतली होती. म्हणून तो परत गेलाच नाही. त्याने भोजकट नावाचं वेगळं नगर वसवलं.

जमिनीवरच्या खुणा

ही पुराणकथा आहे, इतिहास म्हणून मी ती सांगत नाही. पण कथेने आपल्या जमिनीवर नावं कशी पेरली ते पाहण्यासारखं आहे. अमरावती जिल्ह्यात तिवसा तालुक्यात वर्धा नदीच्या काठी कौंडण्यपूर आहे. परंपरा त्यालाच कुंडिनपूर मानते. 1960 च्या दशकात मोरेश्वर दीक्षित यांनी तिथे उत्खनन केलं, तेव्हा फार जुन्या वस्तीचे थर सापडले. त्यामुळे रुक्मिणी सिद्ध होत नाही, पण गाव प्राचीन आहे हे सिद्ध होतं. अमरावतीच्या अंबादेवीबद्दल लोक सांगतात की रुक्मिणी दर्शनाला आली ती याच देवीच्या. आणि भोजकटाचं तर ताम्रपटात नाव आहे. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा पाचव्या शतकातला ताम्रपट अचलपूर भागातल्या चम्मक गावी सापडला, त्यात 'भोजकट राज्य' असा उल्लेख आहे. म्हणजे पंधराशे वर्षांपूर्वी आपल्या वऱ्हाडातला एक प्रदेश या नावाने ओळखला जात होता.

दूरच्या लोकांनीही ती आपली म्हटली आहे. गुजरातेत पोरबंदरजवळ माधवपूरला रामनवमीपासून जत्रा भरते, कृष्ण-रुक्मिणीच्या लग्नाची. तिकडे अरुणाचल प्रदेशात इदू मिश्मी लोक सांगतात की रुक्मिणी आमची, आणि तिथे भीष्मकनगर नावाचे जुन्या किल्ल्याचे अवशेषही आहेत. यावर भांडायचं कारण नाही. लेक चांगली निघाली की माहेर सांगणारे वाढतातच!

रुक्मिणीची रखुमाई कशी झाली

भाषेच्या अंगाने एक गंमत सांगतो. महाराष्ट्री प्राकृतात, म्हणजे मराठीच्या जुन्या पिढीत, 'क्म' चा उच्चार 'प्प' होत असे. तिथे रुक्मिणीची 'रुप्पिणी' झाली होती, जैन ग्रंथांत हे रूप भेटतं. तो धागा सरळ चालत आला असता तर आपल्या आज्यांचं नाव 'रुपीण' असं काहीतरी झालं असतं. तसं झालं नाही. आपण रुखमा, रखमा, रखुमाई म्हणतो. याचा अर्थ, माझ्या मते, असा की हे नाव मराठीत पुन्हा नव्याने संस्कृतातून आलं, पुराण आणि कीर्तन ऐकून आलं, आणि मग बायाबापड्यांच्या तोंडी घासून गुळगुळीत झालं. क आणि म चा जोड जड वाटला, त्यात उकार सरकवला, क चा ख झाला, शेवटी 'आई' लावली. रखुमाई! राजकन्येची आई झाली ती अशी.

हे नाव मराठीत आणणाऱ्यांत सगळ्यात आधीचे महानुभाव. तेराव्या शतकात रिद्धपूरला, म्हणजे पुन्हा आपल्या अमरावती जिल्ह्यातच, महदंबेने 'धवळे' रचले. धवळे म्हणजे लग्नात गायची गाणी, आणि विषय कृष्ण-रुक्मिणीचं लग्न. महदंबा ही मराठीची आद्य कवयित्री मानली जाते. पहिल्या मराठी कवयित्रीने गायला घेतलेली बाई रुक्मिणी आहे, हे लक्षात ठेवा. त्याच पंथातल्या नरेंद्र कवीने 'रुक्मिणीस्वयंवर' लिहिलं. त्याची कथा अशी सांगतात की देवगिरीच्या रामदेवराव यादवाला ते इतकं आवडलं की काव्याला माझं नाव लाव म्हणाला, आणि कवीने नकार दिला. पुढे 1571 मध्ये एकनाथांनी आपलं 'रुक्मिणीस्वयंवर' काशीला पूर्ण केलं. ते आजही घराघरांत वाचलं जातं.

कशासाठी वाचलं जातं, हे आयाबहिणींना मी सांगायची गरज नाही. मुलीचं लग्न जमत नसलं की सांगतात, रुक्मिणीस्वयंवराचं पारायण करायला लाव. मुलगी श्रद्धेने वाचते. तिने वाचावंच. फक्त घरातल्या बाकीच्यांनीही एकदा ऐकावं की ती काय वाचते आहे. ज्या पोथीतली मुलगी म्हणते की माझं लग्न कुणाशी व्हावं हे मी सांगणार, ती पोथी आपण मुलीच्या हातात देतो आणि स्थळ मात्र तिला न विचारता पक्कं करतो.

ज्ञानेश्वरांच्या अभंगांत शेवटी 'बापरखुमादेवीवरु' अशी नाममुद्रा येते. म्हणजे रखुमादेवीचा पती, तो विठ्ठल, माझा बाप. आता ज्ञानेश्वरांच्या आईचं नाव काय? रुक्मिणी. वडिलांचं विठ्ठलपंत. देवाचं नाव घेता घेता आईबापांचंही नाव त्यात येतं. ज्या आईबापांना समाजाने वाळीत टाकलं, त्यांची नावं महाराष्ट्र सातशे वर्षं गातो आहे. आणि त्या मुद्रेत बापाची ओळख आईच्या नावावरून सांगितली आहे, हे नजरेतून सुटू देऊ नका.

पंढरपुरात रखुमाईचं देऊळ विठ्ठलाशेजारी एका गाभाऱ्यात नाही, वेगळं आहे. लोक सांगतात ती रुसून दिंडीरवनात गेली आणि देव तिच्या मागे आला. दर आषाढीला कौंडण्यपूरहून रुक्मिणीची पालखी पंढरपूरला जाते, शेकडो वर्षांची परंपरा आहे. आपल्या शेगावहून गजानन महाराजांची पालखी जाते ती तुम्ही जाणताच. पण कौंडण्यपूरच्या पालखीला मान आहे तो माहेरच्या माणसांचा.

दुसरी एक रखमाबाई

आता पुराणातून बाहेर येऊ. 1864 साली मुंबईत एक मुलगी जन्मली, नाव रखमाबाई. अकराव्या वर्षी तिचं लग्न दादाजी भिकाजी नावाच्या तरुणाशी लावून दिलं. ती आईजवळच राहिली, सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी, आणि शिकत राहिली. वयात आल्यावर तिने सांगितलं की हे लग्न मी केलेलं नाही, मी नांदायला जाणार नाही. नवरा कोर्टात गेला. 1885 मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी तिच्या बाजूने निकाल दिला. अपील झालं, निकाल फिरला. 1887 मध्ये तिला सांगण्यात आलं की नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. ती म्हणाली, तुरुंगात जाईन. शेवटी 1888 मध्ये पैसे देऊन तडजोड झाली.

आणि या रखमाबाईनेही पत्रंच लिहिली होती! 1885 मध्ये 'टाइम्स ऑफ इंडिया'त 'एक हिंदू स्त्री' या सहीने बालविवाहाविरुद्धची पत्रं आली, ती तिची होती. देशात आणि इंग्लंडात या खटल्याने मोठा वाद उठला. 1891 च्या संमतिवयाच्या कायद्यामागे जी चर्चा घडली तिच्यात या खटल्याचा वाटा आहे. ती स्वतः 1889 मध्ये लंडनला वैद्यकीय शिक्षणासाठी गेली, डॉक्टर होऊन परत आली, आणि सुरत व राजकोटला तिने वर्षानुवर्षं बायकांवर उपचार केले. 1955 मध्ये ती वारली.

तिच्या आईवडिलांनी नाव ठेवताना असं काही योजलं असेल असं मी म्हणत नाही. त्या काळी घरोघरी हे नाव होतं. पण दोन रुक्मिणी शेजारी ठेवल्या की दिसतं: दोघींचंही लग्न दुसऱ्यांनी ठरवलं, दोघींनी लिहून 'नाही' म्हटलं. पहिलीला आपण देवी केलं. दुसरीला त्या काळच्या पुष्कळ वर्तमानपत्रांनी शिव्या दिल्या.

नाव कुणाचं?

आपल्याकडे लग्नात ताटात तांदूळ पसरतात आणि नवरदेव अंगठीने बायकोचं नवीन नाव त्यात लिहितो. नवऱ्याचं नाव विठ्ठल असलं की बायको रुक्मिणी, हे तर ठरलेलंच. म्हणजे किती बायकांना 'रुक्मिणी' हे नाव त्यांना न विचारता मिळालं असेल! स्वतःच्या पसंतीसाठी उभी राहिलेल्या मुलीचं नाव, आणि ते लावताना पसंती विचारायची नाही. रीत मोडा असं मी सांगत नाही. ताट पुढे आलं की आधी नवरीला विचारा, तुझं आहे ते नाव राहू द्यायचं का? एवढंच.

यात व्यवहारही आहे. माहेरी एक नाव, सासरी दुसरं, रेशनकार्डावर रुखमाबाई, आधारवर रुक्मिणी, सातबाऱ्यावर रखमा. मग वारसनोंदीच्या वेळी ही एकच बाई आहे हे सिद्ध करायला प्रतिज्ञापत्र करा, तहसीलच्या चकरा मारा. नाव सांभाळलं नाही की हक्क सांभाळणं कठीण होतं. घरी जाऊन आईची आणि आजीची कागदपत्रं एकदा शेजारी ठेवून पहा. फरक असेल तर त्या हयात असतानाच दुरुस्त करा.

एक चांगली गोष्ट झाली आहे. 1 मे 2024 पासून महाराष्ट्रात जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आधी मुलाचं नाव, मग आईचं नाव, मग वडिलांचं आणि आडनाव, असा क्रम आहे. ज्ञानेश्वरांच्या मुद्रेत जे होतं ते आता जन्मदाखल्यात आलं म्हणा.

श्रोत्यांमधून आलेले प्रश्न

एक ज्येष्ठ श्रोते : म्हणजे भाऊ, पोरींनी पळून जावं असं सांगता का तुम्ही?

उत्तर : नाही काकाजी. कथा नीट पहा. घरच्यांना कृष्ण पसंत होता, मुलीलाही पसंत होता. एका माणसाच्या हट्टाने गोष्ट बिघडली आणि बाकीचे गप्प बसले. भीष्मकाने एकदा मुलीला सर्वांसमोर विचारलं असतं तर रथही लागला नसता आणि लढाईही झाली नसती. मुलगी अठराची होऊ द्या, तो कायदाच आहे. शिकू द्या. आणि स्थळ आलं की तिला विचारा, आणि तिच्या 'नाही'चा अर्थ 'नाही' असाच घ्या. घरात विचारणारं कुणी असलं की पोरीला बाहेर निरोप धाडावा लागत नाही.

एक विद्यार्थिनी : माझं नाव रुक्मिणी आहे. मैत्रिणी म्हणतात म्हातारीचं नाव आहे. बदलून घेऊ का?

उत्तर : नाव तुझं आहे बेटा, ठरवणार तू. पण ठरवण्याआधी एवढं मनात धर. सत्यभामेने कृष्णाची तुला केली, सगळं सोनं घातलं, पारडं हललं नाही. रुक्मिणीने तुळशीचं एक पान ठेवलं आणि पारडं उचललं गेलं, अशी कथा लोक सांगतात. जिच्या नावातच सोनं आहे तिला सोन्याचा आधार घ्यावा लागला नाही. मैत्रिणींनी पुन्हा विचारलं तर सांग, या नावाचा एक अर्थ सोनं आहे, आणि त्याच्या मुळाशी दुसरा अर्थ आहे तो 'मला जे रुचतं ते'. त्यानंतरही बदलावंसं वाटलं तर खुशाल बदल. ते तुझ्या रुचीने झालेलं असेल.